पुड्यावर छापायची ओळ

मला चार-पाच तऱ्हांची अक्षरं काढता येतात. शाळेत असताना वर्गातल्या मुलींना त्यांच्या वडिलांच्या नावाने गैरहजेरीच्या चिठ्ठ्या मीच लिहून द्यायचे आणि एकदाही पकडले गेले नाही. या कलेचा पुढे नोकरीत उपयोग होईल असं काही वाटलं नव्हतं. पण झाला. अंधेरी पूर्वेला एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर तंबाखूच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेचं ऑफिस होतं. तिथे मी मराठी टायपिस्ट म्हणून लागले आणि महिन्याभरातच टाइपरायटर बाजूला सारून माझ्यासमोर कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा आणि निरनिराळ्या शाईची पेनं ठेवण्यात आली.

ऐंशीच्या दशकातली वर्षं. वडिलांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. ते घरात बसले आणि हळूहळू बोलायचेच कमी झाले. घाटकोपरला असल्फ्याच्या चढावर आमची चाळ, दोन खोल्या, भावंडं नाहीत. मी बी.ए.चं शेवटचं वर्ष सोडलं, टायपिंगची परीक्षा दिली आणि मिळाली ती नोकरी धरली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे केलं त्याची सबब म्हणून मी बरीच वर्षं हेच पुढे करत आले.

तेव्हा सिगारेटच्या पाकिटावर आरोग्याला अपाय होतो अशी एक ओळ छापलेली असे. खायच्या तंबाखूच्या आणि मशेरीच्या पुड्यांवर मात्र काही नसे. तिथेही तशी ओळ छापावी की नाही, याचा सल्ला सरकारला देण्यासाठी दिल्लीत एक समिती नेमली होती. लोकांनी आपली मतं कळवावीत असं वर्तमानपत्रात छापून आलं, आणि आमच्या ऑफिसने लोक पुरवायला घेतले.

लोक म्हणजे मी. सकाळी मी निपाणीकडचा तंबाखू पिकवणारा शेतकरी असे, डबा खायच्या आधी सिन्नरला तंबाखूचे पुडे भरणारी विधवा, आणि दुपारी बोरिवलीचा पानवाला. शेतकऱ्याचं अक्षर बारीक आणि दाबून काढलेलं. विधवेच्या ओळी वर चढत जायच्या. पानवाल्याला मी मधूनमधून हिंदी बोलायला लावायचे आणि त्याच्या कार्डावर चुन्याचं एक बोट उमटवायचे. ते बोट पाहून ऑफिसात सगळ्यांनी माझी पाठ थोपटली होती. मग हे गठ्ठे त्या त्या गावाच्या टपालपेटीत पडावेत म्हणून तंबाखूचे ट्रकवाले बरोबर न्यायचे.

संघटनेचे चिटणीस पार्ल्याचे होते. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. स्वतः सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नसत. मराठी स्वच्छ, आवाज हळू, मला कधी अगं-तुगं केलं नाही. पहिल्या आठवड्यात मी चाचरत विचारलं होतं, "साहेब, हे खोटं नाही का होत?"

"कुठलं खोटं?" ते म्हणाले. "ओळ छापली, खप पडला, तर या विधवेच्या हातचं काम जाईल की नाही?"

"जाईल."

"मग झालं तर. तिला लिहिता येत नाही, तुम्हाला येतं."

मला ते पटलं. खरं म्हणजे पटवून घ्यायला मी टपलेलीच होते. त्यानंतर कार्डं लिहिताना मला मजाच यायला लागली.

आता आईबद्दल. आई मशेरी लावायची. काळ्या तंबाखूचा पुडा आणायचा, रविवारी दुपारी लोखंडी तव्यावर तंबाखू भाजायचा, पार जळून काळा झाला की हाताने चुरून डब्यात भरायचा, आणि सकाळ-संध्याकाळ ती काळी पूड बोटाने दातांवर, हिरड्यांवर घासत बसायचं. भाजताना डोळे चुरचुरायचे, वडील खोकत बाहेर जाऊन उभे राहायचे. आईच्या भाजणीचं चाळीत नाव होतं. अर्धी चाळ तिच्याच डब्यातली मशेरी न्यायची.

सकाळी नळाला पाणी यायच्या आधी सात-आठ बायका आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या. डाव्या तळव्यावर चिमूटभर पूड, उजव्या हाताचं बोट तोंडात. अर्धा तास. तेवढ्या वेळात कुणाची सासू हाक मारत नसे, कुणाचा नवरा चहा मागत नसे. मशेरी लावतेय म्हटलं की सगळे थांबायचे. दिवसाकाठी त्या बायकांना बसायला मिळायचं ते तेवढंच, नंतर रात्री पाठ टेकेपर्यंत उभ्याच. मशेरी त्यांच्यातली कुणी सोडत नव्हती ती नुसत्या तलफेपायी नाही, असं मला अजूनही वाटतं.

मी एकदा आईला सोड म्हटलं होतं. तिने काय करावं? वडिलांचा एक मित्र सिगारेटचं पाकीट विसरून गेला होता, ते फळीवरून काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "ह्येच्यावर काय लिवलेला आसा?"

मी वाचून दाखवलं. मग तिने तंबाखूचा पुडा पुढे केला. त्यावर नथ घातलेल्या हसऱ्या बाईचं चित्र होतं.

"आणि ह्येच्यावर?"

"काही नाही."

"मगे? वायट असता तर सरकारान लिवला नसता?"

तिचं सरकारवर प्रेम होतं अशातला भाग नाही. रेशनच्या दुकानापुढे उभी राहून ती सरकारला ज्या शिव्या घालायची त्या मला इथे लिहिता येणार नाहीत. पण स्वतःला लिहिता-वाचता येत नसलं तरी छापलेल्या अक्षराला ती मानायची. काहीच छापलेलं नाही याचा अर्थही तिने आपल्यापुरता लावला होता. त्या पुड्यावर काही छापू नये म्हणून विनवणारी कार्डं मी त्याच आठवड्यात ढिगाने लिहिली होती. मी गुपचूप ताटावर बसले.

पावसाळ्यात काही डॉक्टरांनी समितीला एक निवेदन पाठवलं. त्याची प्रत आमच्या ऑफिसात कशी आली ते मी विचारलं नाही. साहेबांनी ती माझ्याकडे दिली, मराठीत सारांश करा आणि खाली उत्तर सुचवा म्हणाले. इंग्रजी अवघड होतं. शब्दकोश मांडीवर घेऊन मी दोन दिवस वाचत होते. मशेरी लावणाऱ्या बायकांच्या गालाच्या आत, हिरडीलगत, पांढरा चट्टा येतो. बोटाने पुसला तर जात नाही. दुखत नाही, म्हणून बाई दाखवायला येत नाही. पुढे त्याची कड कठीण होते, आणि बाई येते तेव्हा बहुतेक वेळा जबडा काढण्यापलीकडे काही उरलेलं नसतं.

मी सारांश केला. खाली उत्तर लिहिलं, की असे चट्टे अति तिखट खाण्यानेही येतात, दातांच्या हयगयीनेही येतात, आणि सगळा दोष तंबाखूवर टाकणं हा गरिबांवर अन्याय आहे. साहेबांनी 'हयगयीनेही' शब्दाखाली रेघ ओढून उत्तम असा शेरा दिला.

त्यानंतरच्या रविवारी आई तव्यापुढे बसली होती. शेजारीण दारात उभी राहून काहीतरी सांगत होती, आणि आई मान मागे टाकून खदाखदा हसली. उजव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीपाशी, मला पांढरं दिसलं. नखाएवढं. धूर होता, मी चार हात लांब होते, तेव्हा नीट दिसलं नसेल असं कुणी म्हणेल. मला नीट दिसलं.

शेजारीण गेल्यावर मी विचारलं, "आई, तोंडात काही टोचतं का गं?"

"नाय. कित्याक?"

"सहज."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी डॉक्टरांचं निवेदन पुन्हा काढलं, तेवढा परिच्छेद पुन्हा वाचला आणि कागद फायलीत खाली सरकवून ठेवला. मनाची समजूत घालायला मला माझंच उत्तर हाताशी होतं. अति तिखट. आई खातेच तिखट.

नवरात्र संपलं आणि समितीचे सचिव दिल्लीहून आले. पार्ल्याला सुनावणी होती. पण त्याआधी दोन दिवस साहेबांनी त्यांना मनोरीला न्यायचं ठरवलं, एका व्यापाऱ्याच्या कॉटेजवर. बरोबर मी आणि माझा टाइपरायटर. मार्व्याच्या धक्क्यावरून होडीतून जाताना टाइपरायटर मी मांडीवर धरून बसले होते, कारण खारं पाणी उडालं तर तो कामातून जाईल अशी साहेबांना काळजी होती.

सचिव काही खलनायक नव्हते. चष्मा लावणारे, मधुमेहाने पिचलेले, मुलीच्या लग्नाच्या काळजीत असलेले गृहस्थ. तळलेली सुरमई मागून मागून खात होते आणि दिल्लीत असा मासा मिळत नाही म्हणून हळहळत होते. जेवणानंतर खुर्ची समुद्राकडे वळवून झोपले. झोपायच्या आधी त्यांनी माझ्याकडे कागद दिले होते, याची मराठी प्रत करून ठेवा म्हणून.

तो समितीचा अहवाल होता. सुनावणी अजून व्हायची होती आणि अहवाल तयार होता. मी मशीनला कागद लावला आणि वाचत वाचत उतरवू लागले. मशेरी ही कष्टकरी स्त्रियांची घरगुती सवय आहे, बाजारातल्या इतर मालाप्रमाणे तिचा विचार करणं योग्य होणार नाही, सबब इशारा छापण्याचा प्रश्न तूर्त पुढे ढकलावा. पहिलं वाक्य ओळखीचं वाटलं. ते सिन्नरच्या विधवेचं होतं. म्हणजे माझं. ते मराठीतून इंग्रजीत गेलं होतं आणि आता मीच ते परत मराठीत आणत होते.

मला धक्का बसला, लाज वाटली, असं लिहायला बरं वाटलं असतं. पण मला आनंद झाला. चाळीतली मी, दोन खोल्यांतली, आणि माझं वाक्य सरकारच्या कागदात.

पुढे एके ठिकाणी लिहिलं होतं, की मशेरीचा प्रत्यक्ष वापर करणाऱ्या एका महिलेने समितीपुढे असे सांगितले की, आणि त्याखाली तीन ओळींची जागा कोरी सोडली होती.

साहेब माझ्या खांद्यावरून वाचत होते. म्हणाले, "इथे एक बाई हवी. खरीखुरी. पत्रातली नाही चालायची. वयस्क, धडधाकट, बोलकी, दात शाबूत असलेली. आहे का हो तुमच्या ओळखीत कुणी?"

"माझी आई आहे," मी म्हणाले.

माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. साहेबांना माझी आई मशेरी लावते हे ठाऊकसुद्धा नव्हतं. मला कायम करण्याचं वर्षभर नुसतं बोलणं चाललं होतं, ते मनात होतं, पण त्याहून जास्त म्हणजे मला मिरवायचं होतं, माझ्याकडे हेसुद्धा आहे म्हणून. आणि तो चट्टा? आठवला ना. मी मनात म्हटलं, बोलताना गालाच्या आतलं कुणाला दिसतं.

सुनावणीच्या दिवशी आईने ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढलं. वडिलांनी कधी नव्हे ते, "नीट बोल," एवढं म्हटलं. तिने काय बोलायचं ते मी कागदावर लिहून काढलं होतं. बसमध्ये मी तो तिला एकदा वाचून दाखवला, तिने त्याची घडी केली आणि मला परत दिला. "ह्या माझा बोलणा नाय. माझा मी सांगतंय."

सभागृहात समितीचे पाचजण लांब टेबलामागे बसले होते. समोर खुर्च्यांवर व्यापारी, दोन-तीन पत्रकार. आई उभी राहिली आणि मला भीती होती तसं काही झालं नाही, ती जराही बिचकली नाही. "तेरा वर्सांची असल्यापासून लायतंय," ती म्हणाली. "ताप नाय, खोकलो नाय. डोंगरार दोन हंडे घेवन चढतंय. माका काय एक जाला नाय." मग टेबलामागच्या साहेब लोकांकडे पाहून म्हणाली, "तुमच्यातल्या कोणाचे आसत सगळे दात?"

सगळं सभागृह हसलं. सचिवही हसले. आणि त्या हसण्याने आईला चेव आला. ती दोन पावलं पुढे गेली, गालाच्या कोपऱ्यात बोट अडकवून तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, "बगा. मोजा."

टेबलाच्या टोकाला एक डॉक्टर बसले होते, सरकारी इस्पितळातले, तोंडाच्या विकारांचे. सगळ्यांत तेवढे एकटे हसले नव्हते. ते उठले, टेबलाला वळसा घालून आले, म्हणाले, "आई, जरा खिडकीकडे वळता?" आई वळली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "दात खरोखर छान आहेत तुमचे." आईच्या चेहऱ्यावरचं सुख मला अजून दिसतं.

चहाच्या वेळी त्यांनी मला जिन्यात गाठलं. "तुम्ही यांच्या कोण?"

"मुलगी."

"उजव्या गालात चट्टा आहे. कड कठीण व्हायला लागली आहे. तुकडा काढून तपासायला हवा. या आठवड्यात घेऊन या, माझ्याकडेच या." त्यांनी चिठ्ठीवर वार आणि वेळ लिहून दिली. "अजून लहान आहे. आत्ता काढला तर त्यांना काही होणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

वर साहेब आईला स्वतः बटाटेवड्याची बशी आणून देत होते. तिने वरून आम्हाला जिन्यात बोलताना पाहिलं असावं. बसमध्ये बसल्यावर तिने विचारलं, "तो दाक्तर तुका काय सांगी होतो?"

"तुझ्या दातांचं कौतुक करत होता," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी ती चिठ्ठी साहेबांना दाखवली. ती दाखवायची मला काही गरज नव्हती. पण काय करू हे कुणीतरी सांगावं असं मला वाटत होतं, आणि कुणी काय सांगेल ते ओळखूनच मी माणूस निवडला होता. साहेबांनी चष्मा काढला. त्यांना खरंच वाईट वाटलं. "न्या, अवश्य न्या," म्हणाले. मग दुपारी परत बोलावलं.

"मी विचार केला, बाई. न्यायचं तर आहेच. फक्त अहवाल दिल्लीला पोचू द्या. आत्ता केसपेपर निघाला, आणि हे डॉक्टर तर समितीवरच आहेत, तर आईंचं सगळं बोलणं उलटेल. वर्तमानपत्रात येईल. त्यांनाच त्रास. दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. एवढ्यात काय होतंय?"

संध्याकाळी माझ्या टेबलावर कायम केल्याचं पत्र होतं. या दोन गोष्टी एका दमात बोलून दाखवण्याइतके साहेब गावंढळ नव्हते. मी पत्राची घडी घातली आणि चिठ्ठीही त्याच पाकिटात ठेवली.

दोन-तीन आठवडे झाले. दिवाळी झाली. अहवाल दिल्लीत या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. मी रोज साहेबांना विचारायचे, ते रोज म्हणायचे, झालंच आता. आई चाळीत मोठी बाई झाली होती. सरकारला दात मोजायला लावून आली म्हणून लोक तिला दाखवायचे. खालच्या अंगाला एक नवं लग्न होऊन आलेली पोर होती, तिच्या सासूने तिला आमच्याकडे पाठवलं, ह्यांच्या हातची मशेरी लावायला सुरुवात कर म्हणून. आईने तिला चिमूट दिली आणि बोट कसं फिरवायचं ते दाखवलं. मी खिडकीत केस विंचरत होते.

मार्गशीर्षात आईला तिखट लागेनासं झालं. आमटीचा घोट घेतला की ती गालाला हात लावून डोळे मिटून घ्यायची. मग भाकरी चहात बुडवून खायला लागली. मी म्हटलं, "आई, डॉक्टरला दाखवून तरी येऊ."

तिने मान हलवली. "सरकाराफुडे सांगलंय मी, माका काय जाला नाय म्हणान. आता दाक्तराकडे गेलंय तर खोटी पडान. लोक काय म्हणतले? पैशे घेवन बोलला म्हणतले."

"कोण म्हणतंय?"

"माझा तोंड आसा. माझो शबुद आसा."

तिचा स्वभाव असाच होता. एखाद्याला चार माणसांत शब्द दिला की ती तो मोडायची नाही, मग तो शब्द कितीही वेडगळ असो. आणि मी तिच्या या हट्टाचा आधार घेतला. जिन्यात डॉक्टर काय म्हणाले ते मी तिला तेव्हा सांगितलं असतं, तर ती चपला घालून दारात उभी राहिली असती, मला पक्कं ठाऊक आहे. मी नुसतं 'दाखवून तरी येऊ' म्हणत राहिले, आणि ती नको म्हणत राहिली, आणि मला बरं वाटत राहिलं की मी सांगून पाहिलं.

संक्रांतीनंतर अहवाल जाहीर झाला. ऑफिसात पेढे वाटले. ओळ तूर्त छापायची नाही असं ठरलं होतं, आणि तीन कोऱ्या ओळींत आईचं बोलणं बसवलं होतं. शुद्ध भाषेत. 'गेली अनेक वर्षे वापर करूनही आपल्या प्रकृतीस कोणताही अपाय झाला नसल्याचे सदर महिलेने स्वतःचे दात दाखवून स्पष्ट केले.' साहेबांनी मला एक प्रत दिली, आईंना द्या म्हणाले. मी घरी वाचून दाखवली. आईने मला ती दोनदा वाचायला लावली. तोवर तिचा गाल बाहेरून सुजला होता. पेढा तिला चावता येईना, तो तिने जिभेवर ठेवून विरघळू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घेऊन इस्पितळात गेले. आता अहवाल निघालाय, आता कुणी तुला खोटी म्हणणार नाही, असं काहीतरी सांगितलं. ती आली. दुखणंही तेवढं होतं.

तेच डॉक्टर होते. त्यांनी तोंडात बॅटरी धरली आणि लगेच विझवली. समितीत त्यांनी वेगळं मत लिहून दिलं होतं आणि ते अहवालात छापलंच नव्हतं, हे मला मागाहून कळलं. त्या दिवशी त्याबद्दल ते अक्षरही बोलले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "मी तुम्हाला जिन्यात सांगितलं होतं. या आठवड्यात आणा म्हणून चिठ्ठी दिली होती. का नाही आणलंत?"

आई खुर्चीत आमच्या दोघांच्या मधे बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"घरी अडचण होती," मी म्हणाले.

उजवीकडचा खालचा जबडा काढला, आणि जिभेचाही बराच भाग. मला आधी वाटलं होतं की बोलणं अस्पष्ट होईल. बोलणं संपलंच. नळीतून पातळ पदार्थ, तोंडावर फडकं, आणि त्या फडक्याच्या वर आईचे दोन डोळे. साहेब मोसंबी घेऊन भेटायला आले, वॉर्डात बसून रडले. खोटं रडले नाहीत, म्हणूनच मला ते सहन झालं नाही. मी नोकरी सोडली का? नाही सोडली. आईच्या औषधपाण्यासाठी, असं मी सगळ्यांना सांगायचे. विधवा आणि पानवाला पुढे पाचेक वर्षं पत्रं लिहीत होते.

घरी आणल्यावर चाळीतल्या बायका एकेकट्या येऊन गेल्या. सकाळी बसायला त्यांनी पलीकडचा ओटा धरला. मशेरी चालूच होती, फक्त आमच्या दाराकडे पाठ करून बसायच्या. ती नवी सून आता आपली आपण भाजायला शिकली होती.

आईने हळूहळू खुणांची भाषा बसवली. वडिलांना फार वेळ लागला, त्यांना एकही खूण धड कळायची नाही, मग ती चिडून भिंतीवर हात आपटायची. मला मात्र तिची प्रत्येक खूण पहिल्या फटक्यात कळायची. खिडकी लाव, फडकं बदल, वडिलांनी जेवण केलं का. शेजारणी म्हणायच्या, लेकीला बरं कळतं सगळं.

फाल्गुनातली एक दुपार. वडील खाली गेले होते. मी तिच्या उशाशी कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. तिने माझ्या मनगटाला हात लावला आणि मी वर पाहिलं. तिने बोट माझ्याकडे केलं. मग कपाळाच्या कडेला टेकवलं. मग स्वतःच्या गालावरच्या फडक्याला. आणि मग हात खांद्यावरून मागे नेला, मागे, आणखी मागे.

"काय गं? उशी उंच करू?" मी म्हणाले, आणि उशी उंच केली.

तिने मान हलवली. पुन्हा तेच, या वेळी सावकाश, एकेक खूण वेगळी करून. तू. ठाऊक. हे. आधीपासून.

"बाबांना बोलावू का? खालीच आहेत."

तिने माझा हात धरला. माझंच बोट माझ्या कपाळावर नेऊन टेकवलं आणि तिथे दाबून धरलं, आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. तिला रागवायचं नव्हतं. तिला नुसतं उत्तर हवं होतं, हो किंवा नाही, मान हलवली असती तरी चाललं असतं.

"मला नाही कळत गं, आई," मी म्हणाले.

तिने आणखी थोडा वेळ पाहिलं. मग माझा हात सोडला आणि अंगठा ओठांकडे नेऊन पाण्याची खूण केली. ती मला लगेच कळली.